अर्धशिशी, घर आणि सल्ला देणारे आप्त

आयोजकांनी आम्हाला विषय दिला तो 'दीर्घ आजार आणि कुटुंब' असा. आम्ही डॉक्टर आहोत ते तत्त्वज्ञानाचे, तेव्हा व्याख्यान संपल्यावर कृपा करून कुणी औषधाची चिठ्ठी पुढे करू नका. (हशा) मात्र अशा आजाराच्या घरात रोज एक प्रश्न उभा राहतो, आणि तो आमच्या शास्त्रातला आहे. कोण काय सांगतंय, आणि त्याचं किती खरं मानायचं?

सगळ्या आजारांवर बोलत बसलो तर काहीच बोलून होणार नाही. म्हणून एकच घेऊ. अर्धशिशी, म्हणजे मायग्रेन. निवडण्याचं कारण घरचंच आहे. आमच्या सासूबाईंना ती होती, पत्नीला आहे आणि आता नातीलाही आहे. हा आजार घराण्यात उतरतो, आणि मोठ्या वयात बायकांना तो पुरुषांच्या साधारण तिप्पट होतो. आमच्या घरानं दोन्ही नियम पाळले.

पुष्कळांची समजूत अशी की अर्धशिशी म्हणजे जोरात डोकं दुखणं. तसं नाही. मोठ्या माणसाला उपचार न करता झटका चार तासांपासून तीन दिवसांपर्यंत राहतो. मळमळतं, उलटी होते. आणि घरच्यांना सगळ्यात कमी कळणारी गोष्ट म्हणजे इंद्रियं सोलून निघाल्यासारखी होतात. उजेड सहन होत नाही, आवाज सहन होत नाही, कित्येकांना वास सहन होत नाही. आता आपलं स्वयंपाकघर डोळ्यांसमोर आणा. कुकरची शिट्टी, मिरचीच्या फोडणीचा ठसका, देवघरातून उदबत्ती, मोरीतून फिनेल, आणि हॉलमध्ये टीव्हीवर चारजण एकाच वेळी भांडताहेत. निरोगी माणसाला यालाच 'भरलेलं घर' म्हणता येतं. झटक्यात असलेल्या माणसाला तीच शिक्षा असते.

आम्ही बरीच वर्षं, हे कबूल करायला हवं, याला नाजूकपणा समजत होतो. घरी पाहुणे आले, सणवार आला की पत्नी खिडक्या लावून आतल्या खोलीत पडायची. 'सणाच्या दिवशीच बरं दुखतं!' हे वाक्य आम्ही स्वतः, आईच्या देखत, उच्चारलेलं आहे. सणाच्या दिवशी दुखतं याला कारण होतं. पहाटे उठायचं, नैवेद्य दाखवेपर्यंत उपाशी राहायचं, धुराजवळ उभं राहायचं, आणि घरात वीस माणसं. झोप मोडणं आणि पोट रिकामं राहणं या दोन्ही गोष्टी अर्धशिशीला आमंत्रण देणाऱ्या. पण तर्कशास्त्र शिकवणाऱ्या माणसानं एवढा सोपा विचार केला नाही.

उजेडाचा त्रास हे नाटक नाही, याचा एक फार सुंदर पुरावा आहे. बोस्टनमध्ये रामी बर्स्टीन आणि रोद्रिगो नोसेडा या संशोधकांनी अर्धशिशी असलेल्या अंध माणसांचा अभ्यास केला. तो २०१० साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या काहींना आकार दिसत नव्हते, पण उजेड आहे की अंधार एवढं कळत होतं. त्यांचं दुखणं उजेडात वाढत होतं. ज्यांना उजेडाची जाणीवच उरलेली नव्हती, त्यांचं वाढत नव्हतं. म्हणजे 'पाहणं' वेगळं आणि 'उजेड लागणं' वेगळं. डोळ्याच्या पडद्यातल्या उजेड मोजणाऱ्या काही पेशींचे तंतू मेंदूत जिथे पोचतात, तिथेच मेंदूच्या आवरणाची वेदनाही येऊन पोचते. एकाच चावडीवर दोन वर्द्या. दिवा लावला की दुखणं वाढतं ते त्यामुळे, मनाच्या दुबळेपणामुळे नव्हे.

आता आमच्या शास्त्राकडे वळू. मराठीत 'आप्त' म्हणजे नातेवाईक. लग्नपत्रिकेत 'आप्तेष्ट' असतात ते हेच. न्यायदर्शनात मात्र आप्त या शब्दाचा अर्थ वेगळा आहे. गौतमाच्या न्यायसूत्रांत प्रमाणं चार, त्यांतलं एक शब्द, म्हणजे विश्वासू माणसाचं सांगणं. आणि हा विश्वासू माणूस कोण? भाष्यकार वात्स्यायन सांगतो त्याचा आशय असा की ज्यानं ती वस्तू स्वतः साक्षात जाणली आहे आणि जशी जाणली तशीच दुसऱ्याला सांगण्याची ज्याला इच्छा आहे, तो आप्त. पुढे तो असंही म्हणतो की हे लक्षण ऋषीला, आर्याला आणि म्लेंच्छाला सारखंच लागू आहे. जात, पदवी, नातं यांचा त्यात संबंध नाही. आम्हाला हा विचार अजूनही धीट वाटतो.

नैयायिकांच्या मते दुःख हा ज्याच्या त्याच्या आत्म्याचा गुण, आणि त्याचं प्रत्यक्ष ज्याचं त्याला, मनानं होतं. दुसऱ्याला ते दिसत नाही. एक्स-रेत नाही, चेहऱ्यावर नेहमी नाही. मग घरच्यांनी काय करायचं? सांगणाऱ्याच्या शब्दावर जायचं. आपल्या वेदनेपुरती पत्नी आप्त होती. आम्ही नवरा म्हणून आप्त होतो खरे, पण या बाबतीत बोलण्याचा अधिकार नसलेले. नातेवाईक या अर्थानं आप्त, प्रमाण या अर्थानं अनाप्त! (हशा) हसा, पण घरी जाऊन एकदा तपासा.

दुखणं सांगणारा एक आप्त झाला. दुसरे येतात ते समदुःखी. अर्धशिशीचं नाव निघालं की दहा मिनिटांत तीन समदुःखी भेटतात, आणि तिघांचे सल्ले चार. यांचं काय करायचं? आमचं म्हणणं असं की समदुःखी माणसाच्या बोलण्याची फोड करून ते ऐकावं. 'मला असं झालं' हे वाक्य प्रत्यक्षाचं, ते मानावं. 'अमक्यामुळे झालं' हे त्याचं अनुमान, ते तपासावं. 'म्हणून तुम्हीही असं करा' हे अनुमानावरचं अनुमान, तिथे थांबावं. गंमत अशी की बोलणारा तिन्ही वाक्यं एकाच सुरात, एकाच खात्रीनं सांगतो. तो खोटं बोलत नसतो. त्याला सांधा दिसत नसतो.

काकतालीय न्याय तुम्हाला माहीत आहे. कावळा बसायला आणि ताडाचं फळ पडायला एकच गाठ पडली. अर्धशिशीत हे कावळे फार. चॉकलेटचंच घ्या. 'चॉकलेट खाल्लं आणि डोकं उठलं' असं सांगणारे शेकड्यानं भेटतील. पण अर्धशिशीचा झटका दुखण्यापासून सुरू होत नाही. कित्येकांना आदल्या दिवसापासूनच जांभया येतात, चिडचिड होते, मान धरते आणि काहींना गोड खाण्याची अनावर इच्छा होते. म्हणजे पुष्कळदा चॉकलेट खाल्लं म्हणून झटका आला असं नसतं, झटका सुरू झाला होता म्हणून चॉकलेट खावंसं वाटलं. फळ आधीच सुटलेलं होतं, कावळा नंतर बसला.

याची उलटी बाजूही सांगतो, नाहीतर तुम्ही सगळे सल्ले केरात टाकाल. 'डोक्यावरून न्हायलं की डोकं दुखतं' असं आपल्याकडच्या बायका पिढ्यान् पिढ्या सांगत आल्या. परदेशी ग्रंथांतल्या कारणांच्या याद्यांत न्हाणं नव्हतं. म्हणून सुशिक्षितांनी त्याला अंधश्रद्धा म्हटलं. मुंबईचे डोकेदुखीतज्ज्ञ डॉ. के. रविशंकर यांनी अशा ९४ रुग्णांची निरीक्षणं २००६ साली एका आंतरराष्ट्रीय वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. बायकांचं म्हणणं कुणीतरी मोजून पाहिलं, एवढाच फरक. आमच्या सासूबाई हे सांगून सांगून थकल्या होत्या.

तेव्हा मोजायचं. अन्वय आणि व्यतिरेक. अमुक असताना दुखतं का, आणि अमुक नसताना दुखत नाही का, दोन्ही पाहायचं. साधी वही पुरते. झोप किती, जेवण केव्हा, पाळीची तारीख, गोळी घेतली का, दुखलं का. बहुतेक लोक फक्त दुखलेल्या दिवसाची नोंद करतात. तिथेच सगळं फसतं. टोमॅटो खाऊनही काहीच झालं नाही, असे वीस दिवस लिहिलेच नाहीत तर टोमॅटो उगीच तुरुंगात जातो.

आणि असा तुरुंग आमच्या घरात भरला होता, ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. नात अकरा वर्षांची असताना तिचं डोकं दुखायला लागलं. शाळेत दोन तास झोपून उठली की बरी व्हायची, म्हणून 'ढोंग करते' असा शेरा तिला मिळाला. मुलांचा झटका दोनच तासांत संपू शकतो, दुखणं कपाळाच्या दोन्ही बाजूंना असू शकतं, हे तिथे कुणाला माहीत नव्हतं. पत्नीला मात्र पोरीची जांभई पाहून कळलं. तिनं नातीला जवळ घेतलं आणि मला विश्वास आहे एवढं आधी सांगितलं. हे सोन्यासारखं काम केलं. मग आपली चाळीस वर्षांची यादी दिली. दही नको, केळं नको, चीज नको, टोमॅटो नको, आंबवलेलं नको. पोरगी आज्ञाधारक. डब्यात इडली दिली तर डबा तसाच परत. सकाळी नुसता चहा घेऊन जायची. महिन्यातून दोनदा दुखायचं ते आठवड्यातून दोनदा दुखायला लागलं, आणि बरोबर साडेअकराच्या सुमारास.

डॉक्टरीणबाईंनी तिला एकच प्रश्न विचारला, ''सकाळी काय खातेस?'' त्यांनी यादी बाजूला ठेवायला सांगितली. वेळेवर खाणं, पुरेसं पाणी, सुट्टीच्या दिवशीही तीच झोपेची वेळ. यादीतली एकेक गोष्ट परत सुरू केली, वहीत लिहीत लिहीत. सगळं परत आलं. काहीही झालं नाही. पत्नी त्या संध्याकाळी आम्हाला म्हणाली, ''अहो, माझ्या यादीनं पोरीची उपासमार केली.'' प्रेम होतं, अनुभव होता, चाळीस वर्षांचा होता. फक्त 'मला' आणि 'तुला' यांच्यामधली भिंत तिला त्या वेळी दिसली नाही.

गोळ्यांबद्दल थोडक्यात, पण नीट ऐका. भिशीतल्या एका समदुःखी मैत्रिणीनं पत्नीला सांगितलं होतं की जरा शंका आली की गोळी टाकायची. झटक्याच्या सुरुवातीला औषध लवकर घ्यावं हे बरोबरच आहे. पण किती दिवस, हे त्या सल्ल्यात नव्हतं. वेदनाशामक गोळी वरचेवर घेतली की ती गोळीच डोकेदुखी टिकवून धरते. तीन महिन्यांहून जास्त काळ, साधी वेदनाशामक गोळी महिन्यातून १५ दिवस किंवा अधिक, आणि ट्रिप्टान, अर्गोटामीन किंवा मिश्र गोळ्या १० दिवस किंवा अधिक, ही त्याची ठरलेली मर्यादा आहे. आम्ही दोघांनी बिस्किटाच्या डब्यातली रिकामी पाकिटं मोजली. महिन्याला चौदा दिवस निघाले. डॉक्टरांच्या देखरेखीखाली ती गोळी थांबवली, पहिले काही दिवस फार वाईट गेले, मग उतार पडला. स्वतःच्या मनानं हे करू नका. आणि आजीची गोळी नातीला, कधीच नाही.

काही वेळा वही, आप्त, समदुःखी सगळं सोडून लगेच डॉक्टर गाठायचा. क्षणार्धात उठलेली, आयुष्यात कधी नव्हती अशी डोकेदुखी, ताप आणि मान ताठ, हातपाय लुळे पडणं किंवा जीभ अडखळणं, डोक्याला मार लागल्यानंतरचं दुखणं, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेलं दुखणं. 'आमच्या घरात अर्धशिशी आहेच' म्हणून इथे थांबू नये.

मग समदुःखी माणसाचा उपयोग कशात? आमच्या मते कारण सांगण्यात कमी, युक्ती सांगण्यात फार. वाफ धरली की शिट्टी व्हायच्या आधीच गॅस बारीक करा. फोडणीच्या वेळी पंखा बाहेरच्या बाजूला फिरू द्या. कपाटातल्या डांबरगोळ्या काढा. जुनी चोकची ट्यूब सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते, ती बदला. अंधार झटक्यापुरता ठेवा. घरात सदासर्वकाळ काळा चष्मा लावला तर डोळे अंधाराला सरावतात आणि उजेड अधिकच बोचतो. या गोष्टी करून पाहायला खर्च नाही, चुकल्या तर अपाय नाही, आणि त्या सुचतात ते ज्यानं भोगलंय त्यालाच.

मागून एका ताईंची चिठ्ठी आली आहे. 'सासूबाईंना धूप लागतो, सुनेला तो सोसत नाही. काय करावं?' ताई, आमच्याकडे गणपतीत हाच प्रश्न आला होता. आमच्या आईची आरती धुपाशिवाय होत नसे. नात आईजवळ जाऊन बसली आणि म्हणाली, ''पणजी, धुरानं माझ्या डोक्यात हातोडा बसतो.'' आईनं आमच्याकडे पाहिलं, आम्ही काहीच बोललो नाही. आमच्या बोलण्याला तिथे अधिकार नव्हता. आईनं धूपपात्र उचलून गच्चीवर नेलं, तिथेच देवाला ओवाळल्यासारखं केलं आणि खाली येऊन नुसत्या निरांजनावर आरती म्हटली. झांजा मात्र सोडल्या नाहीत. तेवढ्यापुरती नात आतल्या खोलीत गेली, आणि तिच्याबरोबर, त्या वर्षी पहिल्यांदा, दार लोटून आम्हीही बसलो.