एक संगणक, अनेक प्रणाली : लिनक्सची सहस्थापना

संगणक आणि त्यावरील विंडोज ही एकच वस्तू आहे, असा समज सर्वत्र आढळतो. वस्तुतः ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे डिस्कवर साठवलेले सॉफ्टवेअर होय. पुरेशी जागा असल्यास अशा एकाहून अधिक प्रणाली एकाच यंत्रावर नांदू शकतात. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे सर्वसाधारण पाठबळ संपुष्टात आले. सुस्थितीतील अनेक जुने संगणक विंडोज ११ च्या अटी पूर्ण करीत नाहीत. त्यामुळे जुने काम न मोडता नवी प्रणाली पारखून पाहणे, हा शाळा व कार्यालयांच्या दृष्टीने खर्चाचाही प्रश्न झाला आहे.

पार्श्वभूमी

१९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी जीएनयू प्रकल्प जाहीर केला, तर १९९१ मध्ये लिनस टॉरवल्ड्स यांनी लिनक्सचा गाभा, म्हणजेच कर्नल, प्रसिद्ध केला. या गाभ्याला उपयुक्त सॉफ्टवेअरची जोड देऊन तयार केलेल्या संचास 'वितरण' म्हणतात. डेबियन (१९९३) व उबुंटू (२००४) ही त्याची परिचित उदाहरणे होत. सी-डॅकने विकसित केलेले 'बॉस' (भारत ऑपरेटिंग सिस्टीम सोल्युशन्स) २००७ मध्ये आले. त्याचा पाया डेबियनचा आहे. केरळच्या शासकीय व अनुदानित शाळांत 'काइट' या शासकीय संस्थेची उबुंटूवर आधारित प्रणाली वापरली जाते. केंद्र शासनाने २०१५ मध्ये मुक्त स्रोत सॉफ्टवेअरच्या स्वीकाराचे धोरण जाहीर केले.

डिस्कची विभागणी

विंडोज व उबुंटू असलेल्या संगणकावर बॉस बसवायचे आहे, असे समजू. जुन्या एमबीआर पद्धतीत डिस्कचे जास्तीत जास्त ४ प्राथमिक विभाग करता येतात. त्यांपैकी एक 'विस्तारित' ठेवल्यास त्यात आणखी विभाग सामावतात. नव्या जीपीटी पद्धतीत सर्वसाधारणपणे १२८ विभागांची सोय असते.

पहिले काम म्हणजे महत्त्वाच्या फाइलींची प्रत अन्य साधनावर घेणे. विंडोजमध्ये 'फास्ट स्टार्टअप' बंद करावे. डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असल्यास तिची रिकव्हरी की जपून ठेवावी. विंडोजचा विभाग विंडोजच्याच साधनाने आकुंचित करून मोकळी जागा मिळवावी. साधारण वापरासाठी ३० ते ४० जीबी जागा सोयीची ठरते. स्थापनेच्या वेळी 'संपूर्ण डिस्क वापरा' हा पर्याय टाळून विभाग स्वतः निवडावेत, कारण बहुतेक हानी याच टप्प्यावर होते. नव्या वितरणाला स्वतंत्र मूळ विभाग द्यावा. स्वॅप विभाग दोन्ही लिनक्सना सामाईक ठेवता येतो. मात्र तशा वेळी 'हायबरनेट' वापरू नये.

प्रारंभाची व्यवस्था

यूईएफआय संगणकात सर्व प्रणालींचे आरंभक 'ईएफआय' विभागात स्वतंत्र फोल्डरमध्ये राहतात. हा विभाग सामाईक वापरावा, परंतु कदापि फॉरमॅट करू नये. अन्यथा आधीच्या प्रणाली डिस्कवर असूनही सुरू होणार नाहीत.

कोणती प्रणाली सुरू करायची, हे विचारणारी यादी 'ग्रब' हा आरंभक दाखवतो. सहसा शेवटी बसवलेल्या वितरणाचा ग्रब पुढे येतो. इतर प्रणाली शोधणारा त्याचा भाग २०२१ च्या २.०६ आवृत्तीपासून सुरक्षेच्या कारणास्तव मूळ रचनेत बंद ठेवलेला आहे. यादीत विंडोज वा उबुंटू न दिसल्यास ती नष्ट झाली, असे समजू नये. हा भाग सुरू करून यादी नव्याने तयार करावी. उबुंटूचा कर्नल अद्ययावत झाल्यावरही बॉसमधून हीच कृती पुन्हा करावी लागते.

आणखी एक अडचण घड्याळाची. लिनक्स सहसा यंत्राच्या घड्याळात जागतिक प्रमाणवेळ ठेवते, तर विंडोज तीच स्थानिक वेळ मानते. परिणामी भारतात विंडोजचे घड्याळ साडेपाच तास मागे दिसू शकते. सर्व प्रणालींत एकच पद्धत निश्चित केल्यास हा दोष दूर होतो.

सारांश, सहस्थापनेत जुने पुसावे लागत नाही. जागा, आरंभक व वेळ यांची नीट वाटणी करावी लागते. दोन प्रणाली शेजारी ठेवून तुलना करता आली, तरच मुक्त स्रोताचा स्वीकार अनुभवाच्या आधारे घेतलेला निर्णय ठरतो.