कानभर दागिने : शोभा आणि भार

मराठी लग्नातील नवरीचा कान नीट पाहिला, तर त्यावर एक लहानशी व्यवस्था नांदताना दिसते. पाळीत मोत्यांची कुडी, कुडीच्या दांडीला अडकवून केसांत खोवलेला वेल, कानाच्या वरच्या कडेवर बुगडी. हौस आणि ऐपत असेल तर खाली झुलणारा झुबा. कोल्हापूर-सांगलीकडील जैन घरांतून हेच दागिने पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. मारवाडी आणि गुजराती घरांत नावे बदलतात. तेथे पाळीत झुमका असतो, वरच्या कडेला ओगनिया असतो आणि झुमक्याचा भार केसांकडे नेणारी साखळी कुठे झेला तर कुठे कानसेर म्हणून ओळखली जाते. पाहणाऱ्याला ही सारी सोन्यामोत्यांची रेलचेल वाटते. वस्तुतः कोणत्या दागिन्याने कोठे बसायचे आणि कोणाचा भार कोणी उचलायचा, हे जुन्या कारागिरांनी विचारपूर्वक ठरवलेले होते. आज हौसेने एका कानात चार-चार दागिने पुन्हा येऊ लागले आहेत. मात्र भाराचा तो हिशेब बहुतेक घरांतून विसरला गेला आहे. त्याची किंमत पाळीला मोजावी लागते.

पाळी ही कानातली सर्वांत मऊ जागा. तेथे हाड नाही, कूर्चाही नाही. त्वचा आणि तिच्या आत मऊ मेदयुक्त ऊतक एवढेच. म्हणून ती सहज टोचता येते, सहा ते आठ आठवड्यांत भरून येते आणि रोज भार पडला की तितक्याच सहज ओघळते. दहा ग्रॅमची झुमक्यांची जोडी म्हणजे एकेका कानाला पाच ग्रॅम. आकडा क्षुल्लक वाटतो. परंतु तो भार बारीक दांडीच्या टोकाशी एकवटतो आणि मान हलली की प्रत्येक वेळी खाली हिसका बसतो. एक दिवसाच्या समारंभात काही बिघडत नाही. दुकानात बसताना, स्वयंपाक करताना, झोपतानाही तोच झुमका राहिला, तर काही वर्षांत गोल भोकाची उभी चीर होते. आरशात पाहून हे कोणालाही ओळखता येते. दागिना काढल्यावर भोक ठिपक्यासारखे दिसले तर पाळी सुस्थितीत आहे. रेघेसारखे दिसू लागले की जड दागिना थांबवण्याची वेळ आली असे समजावे.

वेल आणि कानसेर यांचे महत्त्व येथे कळते. ती नुसती शोभेची माळ नव्हे. कुडीचा किंवा झुमक्याचा भार पाळीवरून उचलून तो केसांवर टाकणे हे तिचे खरे काम. त्यासाठी तिचे वरचे टोक घट्ट वेणीत किंवा अंबाड्याच्या कडेला आकड्याने पक्के बसले पाहिजे आणि साखळी किंचित ताणलेली राहिली पाहिजे. सैल लोंबणारा वेल भार उचलत नाही. उलट स्वतःचे वजन पाळीवर घालतो. मोकळ्या केसांवर वेल घालण्याची अलीकडची पद्धत छायाचित्रात सुंदर दिसते खरी, पण त्यात वेलाचे निम्मे प्रयोजनच हरवते.

वरच्या कडेची गोष्ट निराळी. तेथे पातळ त्वचेखाली कूर्चा असते आणि कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिचे पोषण वरच्या आवरणातून होते. म्हणून तेथील जखम भरायला तीन महिन्यांपासून वर्षभरही लागू शकते आणि एकदा जंतुसंसर्ग झाला की तो हट्टी ठरतो. दुर्लक्ष केल्यास कूर्चा झिजून कानाचा आकारच बदलतो. लग्न ठरल्यावर बुगडीसाठी पंधरा दिवस आधी कान टोचून घेणाऱ्या मुलींना हे कोणी सांगत नाही. बुगडी घालायचीच असेल तर किमान वर्षभर आधी टोचावे, नाही तर चापाची बुगडी घ्यावी. चापाच्या बुगडीत कमीपणा मानण्याचे काहीच कारण नाही. कान सोनारानेच टोचावेत अशी म्हण आहे आणि पाळीपुरती ती आजही खरी मानता येईल, सोनार सुई निर्जंतुक करीत असेल तर. वरच्या कडेसाठी मात्र डॉक्टरकडे जाणेच शहाणपणाचे. सौंदर्यप्रसाधनगृहांत टोचण्यासाठी वापरले जाणारे स्प्रिंगचे यंत्र कूर्चेवर चालवू नये. त्या धक्क्याने ती चिरडते. मधुमेह असलेल्यांनी, तसेच जखमेचा व्रण फुगून वर येण्याची प्रवृत्ती ज्या घराण्यात आहे त्यांनी, आधी वैद्यकीय सल्ला घ्यावा.

यातूनच जुळवणीचा मुख्य नियम निघतो : एका कानात भाराचा दागिना एकच असावा आणि तो पाळीतच असावा. बुगडी, ओगनिया, पाळीतली दुसरी-तिसरी भोके ही सारी हलक्या वस्तूंची ठिकाणे. बुगडीपासून झुमक्यापर्यंत साखळी सोडण्याचा जो नवा प्रकार दिसतो, त्यात भार उलटा कूर्चेवर जातो. तो टाळलेलाच बरा. पाळीत तीन भोके असतील तर सर्वांत मोठा दागिना सर्वांत खाली आणि वर जाताना आकार लहान, ही मांडणी डोळ्यांनाही सुखावते. मोत्यांची कुडी आणि मोत्यांची बुगडी असताना खाली सोन्याचा मोठा झुबा घातला, की दोन्ही एकमेकांना मारून टाकतात. नाकात मोत्यांची नथ आणि गळ्यात तन्मणी असेल, तर कुडी, वेल, बुगडी एवढेच पुरे.

घालण्याचा क्रमही महत्त्वाचा आहे. केशरचना, वस्त्रे, पदराला लावलेल्या पिना, अत्तर हे सारे आधी उरकावे. मग वरून खाली यावे : प्रथम बुगडी, कारण तिची फिरकी आवळायला कानामागे दोन बोटांची मोकळी जागा लागते, नंतर कुडी, सर्वांत शेवटी वेल. उतरवताना नेमके उलट. वेलाचे केसांतले टोक सोडवल्याशिवाय कुडीला हात लावू नये. थकून आलेली नवरी एकाच झटक्यात सगळे ओढते आणि पाळी फाटण्याचे प्रसंग अशाच वेळी घडतात. दागिने पलंगावर बसून, मांडीवर रुमाल पसरून उतरवावेत. बेसिनपाशी उभे राहून कधीही नाही. ‘सांगत्ये ऐका’ या १९५९ च्या चित्रपटातील लावणीने हरवलेली बुगडी महाराष्ट्रभर गाजवली. बुगडीचा तो स्वभाव आजही बदललेला नाही. आता तर दुचाकीचे हेल्मेट तिचे मोठे शत्रू झाले आहे. हेल्मेट चढवण्यापूर्वी बुगडी आणि लोंबते डूल काढून ठेवावेत.

रात्री सर्व काही उतरवावे. कुशीवर झोपल्यावर फिरकी पाळीच्या मागच्या बाजूत रुतते आणि तेथे ओल साचून खाज सुटते. भोक बुजेल ही भीती जुन्या, पक्क्या भोकांना एका रात्रीत लागू होत नाही. पौषधाच्या दिवशी अलंकार उतरतातच. पाळीलाही तो विसावा मिळतो.

दागिन्यांच्या निगेत मोत्यांचा विषय सर्वांत नाजूक. मोती शिंपल्यातील जिवाच्या देहातून निघतो, म्हणून ज्या घरांत तो वर्ज्य मानला जातो, तेथे माणकांच्या किंवा नुसत्या सोन्याच्या कुड्यांनीही शोभेत उणेपणा येत नाही. ज्यांच्याकडे आजीच्या काळातील मोती आहेत, त्यांनी ते जपावेत. त्यांची किंमत अनेकांना ठाऊक नसते. मुंबईच्या जव्हेरी बाजारात एके काळी इराणच्या आखातातील मोती ‘बसरा’ या नावाने येत आणि त्या व्यापारात जैन जव्हेऱ्यांचा मोठा वाटा होता. जपानी संवर्धित मोती आणि १९३० च्या दशकातील मंदी यांनी तो व्यापार मोडला. त्यापूर्वीच्या कुडीत नैसर्गिक मोती असण्याचा संभव असतो आणि तो प्रयोगशाळेत क्ष-किरणांनी तपासता येतो. म्हणून जुनी कुडी पुन्हा ओवायला देताना मोती मोजून, तोलून, छायाचित्र काढून द्यावेत. कारागिरावर अविश्वास म्हणून नव्हे. मोत्याला मोती लागतो आणि अदलाबदल अनवधानानेही होते.

मोती मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा असल्याने आम्ल त्याला खाते. घाम, अत्तर, केसांवरचा फवारा, लिंबू यांच्यापासून तो दूर हवा. उतरवल्यावर किंचित ओल्या मलमलीने पुसून सुकवावा. रिठ्याच्या पाण्यात बुडवण्याची जुनी रीत नुसत्या सोन्यासाठी उत्तम. मोती-कुंदनाच्या दागिन्यासाठी नव्हे. कुंदनकामात खड्याखाली चमकदार पत्रा आणि लाख असते, तेथे पाणी शिरले की खडा काळवंडतो. दंतमंजनाने घासणे तर कोणत्याच दागिन्याला मानवत नाही. मोती हवाबंद प्लॅस्टिकच्या पिशवीत वर्षानुवर्षे ठेवू नयेत. मऊ कापडात ठेवावेत आणि अधूनमधून वापरावेत. हिऱ्याच्या कुड्या वेगळ्या पुडीत असाव्यात, नाही तर हिरा शेजारच्या सोन्यावर आणि मोत्यावर ओरखडे काढतो.

एक धोका व्यापारी घरांना विशेष लागू आहे. धान्य टिकावे म्हणून कोठीत पाऱ्याच्या गोळ्या ठेवण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. पारा सोन्याला लागला की सोने पांढरे पडते आणि ठिसूळ होते. असा दागिना घरी तापवू नये, त्याची वाफ विषारी असते. सोनाराकडे देतानाही पारा लागल्याचे आधी सांगावे.

खरेदीच्या वेळी एक तांत्रिक बाब नजरेआड होते. हॉलमार्कची सक्ती दोन ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या दागिन्यांना लागू नाही, आणि बुगड्या, लहान बाळ्या, सुट्या फिरक्या नेमक्या त्याच वजनात बसतात. जड दागिन्यावर शुद्धतेचा आकडा आणि सहा अक्षर-अंकांची ओळखखूण पाहता येते. हलक्यासाठी बिल हाच पुरावा. त्यावर शुद्धता, सोन्याचे निव्वळ वजन आणि मोती-खड्यांचे वजन वेगवेगळे लिहून घ्यावे. पॉलिशला देतानाही आधी आणि नंतर वजन करावे, कारण प्रत्येक पॉलिशमध्ये थोडे सोने जातेच. जुन्या, हाताने आटे पाडलेल्या फिरक्या ज्या त्या दांडीलाच बसतात. दुसऱ्या दांडीवर जबरदस्तीने फिरवल्यास दोन्हींचे आटे जातात. म्हणून ठेवताना प्रत्येक फिरकी आपल्या दांडीवर चढवूनच ठेवावी.

पाळी फाटलीच तर खंत करत बसण्याचे कारण नाही. स्थानिक भूल देऊन होणारी ती लहान शस्त्रक्रिया आहे. प्लास्टिक सर्जन ती करतात आणि काही महिन्यांनी जुना व्रण सोडून शेजारी नवे भोक पाडता येते. फाटलेल्या भागावर चिकटपट्टी लावून झुमका रेटणे मात्र टाळावे.

उरतो प्रश्न वाटणीचा. आईच्या कानातील संच दोन मुलींत वाटताना कुड्या एकीला आणि वेल दुसरीला देण्याचा प्रघात न्याय्य वाटतो. परंतु वेलाची कडी त्या कुडीच्या दांडीच्या मापाची घडवलेली असते. दुसऱ्या कुडीवर ती एक तर बसत नाही, नाही तर निसटते. मग वेल मोडीत जातो आणि कुडी आधारावाचून उरते. त्यापेक्षा संच अखंड एकीकडे द्यावा आणि त्याच्या मोलाचे सोने दुसरीच्या वाट्यात घालावे. काट्यावर हिशेब तंतोतंत जुळतो. कोणता वेल कोणत्या कुडीचा, हे मात्र आईच्या हयातीतच तिला विचारून वहीत लिहून ठेवावे लागते.