एक क्वार्टर म्हणजे किती?

हिंगोलीच्या हळदीच्या मोंढ्यात दिवसभर पोती उचललेल्या एखाद्याला विचारा, "दादा, किती घेता?" उत्तर ठरलेलं: "जास्त नाही, एकच." एकच म्हणजे क्वार्टर! १८० मिली देशी, त्यात ४२.८ टक्के अल्कोहोल. हिशेब मांडा : सुमारे ६० ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेची 'ऑडिट' ही १० प्रश्नांची प्रश्नावली १० ग्रॅमचा एक पेला धरते. म्हणजे दादांचं 'एक' तिथं सहा भरतं. कागदावर एक लिहिलं की 'किती पेले?' या प्रश्नाला शून्य गुण, सहा लिहिलं की दोन. माणूस तोच, बाटली तीच!

१९९३ साली ही प्रश्नावली सहा देशांतल्या अभ्यासातून घडली : ऑस्ट्रेलिया, बल्गेरिया, केनिया, मेक्सिको, नॉर्वे, अमेरिका. आपली क्वार्टर कुणाच्या ध्यानीमनी असणार?

किती पिता, हे तरी मोजता येतं. पण 'दारूनं अंग मोकळं होतं', 'चार लोकांत बोलायला धीर येतो' या समजुती कशा मोजायच्या? अमेरिकेत सँड्रा ब्राउन, मार्क गोल्डमन आणि सहकाऱ्यांनी १९८० मध्ये अशा ९० विधानांची प्रश्नावली केली. समज खरा की खोटा, हा तिथं मुद्दाच नाही. ('दारूनं थंडी पळते' हा समज पक्का; प्रत्यक्षात कातडी गरम लागते आणि आतलं अंग गार पडतं.) पुढं १९८९ मध्ये सातवी-आठवीतल्या मुलांच्या अशा समजुतींवरून वर्षभरानंतर कोण किती पीत असेल, याचा अंदाज बांधता आला. प्रश्नावली कामाची आहे, याचा याहून चांगला पुरावा कोणता?

आता गंमत. १९७३ मध्ये ॲलन मार्लॅट यांनी काहींना नुसतं टॉनिक वॉटर दिलं, सांगितलं मात्र व्होडका घातलीय म्हणून. चव बघण्याच्या नावाखाली लोक जास्त प्यायले ते 'व्होडका आहे' असं सांगितलेलं पेय. पेल्यात खरोखर काय होतं, याला फारसं महत्त्व उरलं नाही.

आपल्याकडची सगळ्यात छोटी प्रश्नावली मात्र गावातल्या दारूदुकानाच्या मतपत्रिकेवर असते : उभी बाटली की आडवी? परदेशी प्रश्नावल्यांसारखी भाषांतराची भानगडच नाही. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडवीवर शिक्का मारला, तर दुकान बंद. झालेल्या मतदानाच्या निम्म्या नव्हे, यादीतल्या निम्म्या! त्यामुळे त्या दिवशी शेतात खुरपायला गेलेलीचं मत आपोआप उभ्या बाटलीला.