बाराशेचा हिशेब

बऱ्हाणपुरात शनवारा दरवाज्याजवळच्या एका गल्लीत जुन्या घराच्या खोलीला नवा गिलावा व्हायचा होता, आणि काम सुरू होण्याआधीच वाद पेटला होता. घरमालकांनी मोबाइलवर आकडा काढून ठेवला होता: चारी भिंती मिळून 480 चौरस फूट, थर अर्धा इंच, म्हणजे 20 घनफूट माल. मिस्तरींनी भिंतीवर एकदा हात फिरवला आणि म्हणाले, "चाळीस लागतील, भाऊ."

दुप्पट! मग मालकांच्या चेहऱ्यावर ती ओळखीची शंका आली. माल जास्त सांगणारा मिस्तरी म्हणजे दुकानदाराला सामील, असं आपल्याकडे गृहीतच धरलेलं असतं.

मिस्तरी रावेर-भुसावळकडच्या कामांवर तयार झालेले, त्यामुळे त्यांचा सगळा हिशेब ब्रासमध्ये. कागद नाही, पेन्सिल नाही. "एक ब्रास, एक इंच, बाराशे." म्हणजे 100 घनफूट माल एक इंच जाडीने पसरला की 1200 चौरस फूट जागा झाकतो. अर्ध्या इंचाला चोवीसशे, पाऊण इंचाला सोळाशे. घमेलं उचलणाऱ्या पोरालाही बाराशे पाठ होतं.

मालकांचा भागाकार बरोबरच होता. चुकली होती ती जाडी.

मिस्तरींनी या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत दोरी ताणली, ओळंबा सोडला आणि मालकांना टेप धरायला लावला. दाराशी दोरी आणि भिंत यांत अर्धा इंच अंतर, मधल्या खोलगट भागात दीड इंच. विटा कुठे झिजलेल्या, कुठे आत गेलेल्या. शहराचा कोट 1731 मध्ये निजाम आसफजाहाने बांधला. अशा गावातल्या जुन्या भिंती फुटपट्टीला मान देतील, ही अपेक्षा तशी भाबडीच. सगळीकडची मापं घेतली तेव्हा सरासरी एक इंचावर आली. 480 ला 12 ने भागा: 40. मालक काही बोलले नाहीत, पण टेप त्यांनी दोनदा लावून पाहिली.

इंचभर थर एका दमात चढवत नाहीत, स्वतःच्या वजनाने तो सुटून येतो. आधी खोलगट जागा भरायच्या, पहिला हात ओला असतानाच त्यावर रेघा ओढायच्या, तो धरला की दुसरा हात. मग फळी, मग रंधा.

आणि हे 40 घनफूट म्हणजे भिंतीवर बसलेला माल. पाणी पडलं की सिमेंट रेतीच्या फटींत शिरतं आणि ढीग बसतो, म्हणून सुकं सामान सव्वा ते दीडपट धरावं लागतं. एकास चारच्या प्रमाणात या खोलीला सिमेंटच्या 50 किलोच्या आठ-नऊ गोण्या सहज लागतात. गोणीत सिमेंट जेमतेम सव्वा घनफूट असतं. मोबाइलच्या 20 मध्ये यातलं काहीच नव्हतं.

मिस्तरींचा खरा राग मात्र रेतीच्या ट्रॉलीवर होता. रेती ओलसर होती. ओल कणांना एकमेकांपासून दूर ठेवते आणि रेती फुगते. पाच टक्क्यांच्या आसपास ओल असली तर बारीक रेती पाव हिश्श्याने जास्त भरू शकते. फितीने मोजली तर ट्रॉली पूर्ण, कामाला मात्र अपुरी. रेती कमी पडली की मालक विचारणार मिस्तरीला, ट्रॉलीवाल्याला नाही. हा अन्याय गल्लोगल्ली चालतो आणि त्याची बोच त्यांच्या बोलण्यात होती: "रेती काय मी घरी नेतो का?"

गिलावा करणार असाल तर रेती घेण्याआधी दोन कामं करा. भिंतीला दोरी लावून दोरी आणि भिंत यांतलं अंतर मोजा. आणि दारात आलेल्या रेतीने एक सरळ उभं भांडं भरा, रेतीची उंची मोजा, ती रेती बाहेर काढा, भांड्यात निम्म्यापर्यंत पाणी घ्या आणि तीच रेती परत सोडून ढवळा. पाण्यात पूर्ण बुडालेली रेती कोरड्या रेतीइतकीच जागा घेते. ती जितकी खाली बसेल, तितकी हवा तुम्ही रेतीच्या भावाने विकत घेता आहात.