घरी नेट किती एमबीपीएसचं घ्यायचं?

मित्रांनो, दिवाळीच्या सुट्टीत गावी गेलं की इंजिनिअरिंगच्या पोराला एक प्रश्न हमखास येतो. "तू इंजिनिअर होऊन राह्यला ना, मग सांग, नेट कोणतं घ्यायचं?" पोरगा सिव्हिलचा असो की मेकॅनिकलचा, सुटका नाही! आणि उत्तरही ठरलेलं असतं, "घ्या ना १०० चं, मस्त चालते." पण हे पैसे कधी धानाच्या चुकाऱ्यातून येतात, कधी बाबांच्या पगारातून. समजा गरज नसताना महिन्याला ४०० रुपये जास्तीचा प्लॅन घेतला, तर वर्षाचे ४८०० झाले. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला की ५६६४ रुपये! तेव्हा घरच्यांना सल्ला देण्याआधी थोडा हिशोब करू या.

आधी बिट आणि बाइटचा घोळ

प्लॅनवर लिहिलेले एमबीपीएस म्हणजे सेकंदाला मेगाबिट. कॉम्प्युटरवर डाउनलोड दिसतं ते मेगाबाइटमध्ये. ८ बिटचा एक बाइट, म्हणून ४० एमबीपीएसच्या लाइनवर सेकंदाला ५ एमबी हाच पूर्ण वेग झाला. "४० चे पैसे घेतले आन् ५ च देते" असं म्हणून केबलवाल्याशी भांडायला जाऊ नका.

आपल्या देशात २००४ च्या ब्रॉडबँड धोरणात किमान वेग २५६ केबीपीएस धरला होता. २०२३ मध्ये ती व्याख्या २ एमबीपीएस झाली. म्हणजे आज ज्याला आपण 'स्लो' म्हणतो, तोसुद्धा त्या काळी चैनीचा होता!

पिक्चर पाहायला किती लागतं?

नेटफ्लिक्स स्वतःच सांगतं की ७२० पी साठी ३, १०८० पी साठी ५ आणि फोर-के साठी १५ एमबीपीएस वेग हवा. व्हिडिओ कॉल किंवा ऑनलाइन लेक्चरला ३-४ पुरतात. आता तुमसर किंवा मोहाडीकडचं पाच जणांचं एक घर डोळ्यासमोर आणा. रात्रीचे नऊ वाजलेत आणि सगळे एकाच वेळी नेटवर आहेत :

१) मोठ्या टीव्हीवर फोर-के पिक्चर : १५
२) बहिणीचं ऑनलाइन लेक्चर : ४
३) दोन मोबाइलवर व्हिडिओ, प्रत्येकी ५ : १०
४) भावाचा ऑनलाइन गेम : १

एकूण झाले ३०. त्यात तिसरा हिस्सा राखीव धरला की ४०. म्हणजे या घराला ४० चा प्लॅन पुरे. टीव्ही फोर-के नसेल तर ३० मध्येही भागतं. घरात दोन फोर-के टीव्ही असतील, किंवा मोठ्या फाइल रोज उतरवायच्या असतील, तेव्हाच १०० चा विचार करा. मंडईच्या दिवसांत पाहुण्यांनी घर भरतं आणि वायफायचा पासवर्ड गावभर होतो हे खरं, पण चार दिवसांच्या पाहुण्यांसाठी वर्षभराचा प्लॅन वाढवायचा नसतो.

डेटाची मर्यादाही वाचून घ्या. १५ एमबीपीएसने तासभर पाहिलं तर पावणेसात जीबी जातात. रोज तीन तास धरले तर महिन्याला सहाशे जीबी. 'अनलिमिटेड' शब्दाखाली बारीक अक्षरात किती जीबीनंतर वेग कमी होतो ते लिहिलेलं असतं.

गेमवाल्यांनो, इकडे लक्ष द्या!

वरच्या यादीत गेमला फक्त १ एमबीपीएस धरला, यावर हॉस्टेलमध्ये वाद होणार हे माहीत आहे. पण गेम चालू असताना पाठवायचं असतं ते थोडंच : तुम्ही कुठे आहात, कुठे वळलात, गोळी कधी मारली. चित्र तर तुमचाच मोबाइल किंवा कॉम्प्युटर तयार करतो. गेम उतरवायला मात्र वेग लागतो. ५० जीबीचा गेम ४० एमबीपीएसवर पावणेतीन तास घेईल आणि १०० वर तास-सव्वातास. पण ते काम रात्री लावून झोपता येतं.

खेळताना महत्त्वाचं असतं ते पिंग, म्हणजे तुमचा संदेश सर्व्हरला जाऊन परत यायला लागणारा वेळ. भंडाऱ्याहून नागपूर साठेक किलोमीटर. रस्ता चारपदरी केला तर जास्त गाड्या जातील, पण नागपूर काही जवळ येणार नाही. एमबीपीएस म्हणजे रस्त्याची रुंदी आणि पिंग म्हणजे जाण्या-येण्याचा वेळ.

फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक यांसारख्या खेळांचे सर्व्हर मुंबईत आहेत. भंडारा ते मुंबई तार हजारेक किलोमीटर धरली, तर जाऊन-येऊन १० मिलिसेकंद लागणारच. मधली उपकरणं आणि वळणं धरून प्रत्यक्षात याच्या दुप्पट-तिप्पट होतात, आणि तेवढ्यात गेम छान चालतो. सर्व्हर सिंगापूरचा निवडला तर अंतरच पाचपट. तिथे ३०० एमबीपीएसचा प्लॅनही काही करू शकत नाही. म्हणून गेमच्या सेटिंगमध्ये जवळचा सर्व्हर निवडा, तो फुकटात निवडता येतो!

मग रात्री पिंग वाढतं कशामुळे?

पुष्कळदा दोष घरातच असतो. भावाने लग्नाचे व्हिडिओ अपलोड करायला लावले की राउटरमध्ये पॅकेटची रांग लागते. टोल नाक्यावर ट्रकमागे ट्रक उभे राहावेत तसं, आणि तुमचं इवलंसं पॅकेट त्या रांगेत शेवटी. म्हणून प्लॅन घेताना अपलोडचा वेग किती हे जरूर विचारा. राउटरमध्ये 'क्यूओएस'ची सोय असेल तर ती चालू करा.

दुसरी गोष्ट वायफायची. आपल्याकडच्या जुन्या घरांच्या भिंती मातीच्या नाहीतर जाड विटांच्या, आणि राउटर पुढच्या खोलीत दाराशी टांगलेला. मागच्या खोलीत रेंज पोचेल कशी? २.४ गिगाहर्ट्झ दूर जातो पण त्यावर गर्दी फार. ५ गिगाहर्ट्झ वेगवान आहे, पण भिंतीपुढे लवकर हरतो. राउटर घराच्या मध्यावर, उंचावर ठेवा. टीव्ही आणि गेमच्या कॉम्प्युटरला सरळ लॅनची वायर ओढा. त्या वायरचा खर्च एकदाच येतो, मोठ्या प्लॅनचा दर महिन्याला.

दोष घरात की बाहेर, हे तपासणं सोपं आहे. कमांड प्रॉम्प्टमध्ये आधी राउटरच्या पत्त्याला पिंग करा. वायरवर १ मिलिसेकंदाच्या आसपास यायला हवं. वायफायवर तोच आकडा मधूनच ५०-१०० वर उडत असेल तर गडबड घरातली आहे, प्लॅन बदलून उपयोग नाही. राउटरपर्यंत ठीक आणि बाहेरच्या पत्त्याला मात्र रोज रात्री ८ ते ११ मध्ये आकडा चढत असेल, तर कंपनीला आकड्यांसकट तक्रार करा.

घेण्याआधी एवढं पाहा

१) गावात फायबर आला असेल तर तोच घ्या. टेलिफोनच्या जुन्या तांब्याच्या तारेवर एक्स्चेंजपासून घर जितकं दूर, तितका वेग कमी. टॉवरवरून येणारं वायरलेस नेट पिक्चरला ठीक आहे, पण त्यात पिंग खालीवर होतं.
२) शेजाऱ्याकडे रात्री नऊला स्पीड टेस्ट करून पाहा. दुपारी सगळ्यांचंच नेट पळतं.
३) वर्षाचे पैसे एकदम भरू नका. आधी एक महिना छोटा प्लॅन घ्या. वाढवायला एक फोन पुरतो.
४) लाइट गेली की नेटही जातं. राउटरच्या ॲडाप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचून त्या मापाचा छोटा यूपीएस घ्या. बहुतेकांना १२ व्होल्टचा लागतो. बहिणीची ऑनलाइन परीक्षा असेल त्या दिवशी १०० एमबीपीएसपेक्षा हाच कामी येईल.

तेव्हा दोस्तहो, या सुट्टीत कोणी विचारलं तर एकदम आकडा सांगू नका. आधी विचारा, "घरात रात्री नऊला कोण कोण काय पाहते?" उत्तर वहीत लिहा आणि बेरीज करा. आपण इंजिनिअर होणार आहोत ना!