डोंगरीचे कापड

पैठणला विणली जाते ती पैठणी, हे महाराष्ट्रात सर्वांना ठाऊक आहे. गावाच्या नावावरून वस्त्राला नाव पडल्याचे हे एक उदाहरण होय. असेच एक नाव मुंबईतून निघाले आणि थेट इंग्रजी भाषेत जाऊन बसले. मात्र ते भरजरी वस्त्राचे नव्हे. एका जाड्याभरड्या कापडाचे आहे.

इंग्रजीत ‘डंगरीज’ असा एक शब्द आहे. छाती झाकणारा पुढचा भाग आणि खांद्यांवरून घ्यावयाचे पट्टे असलेल्या विजारीला इंग्लंडात डंगरीज म्हणतात. अमेरिकेत जाड निळ्या विजारीलाही हे नाव आहे. ‘डोंगरी’ या शब्दाचे हे बदललेले रूप होय, असे कोशकार सांगतात.

मुंबईत डोंगरी नावाची जुनी वस्ती आहे. पूर्वी तेथील टेकडीवर किल्ला होता. त्या किल्ल्यालगतच्या बाजारात जाडेभरडे, स्वस्त सुती कापड विकले जाई. त्यालाच लोक ‘डोंगरी कापड’ म्हणू लागले. पुढे कोणत्याही हलक्या सुती कापडाला हे नाव मिळाले.

परदेशी व्यापाऱ्यांनी या कापडाबरोबर त्याचे नावही उचलले. दूरच्या मोलुक्का बेटांवर इंग्रज व्यापारी भारतीय कापड देऊन त्याच्या बदल्यात लवंगा घेत. १६१३ च्या सुमारास तेथे गेलेल्या जॉन सॅरिस याच्या नोंदींत या कापडाचे नाव आढळते. परक्या जिभेवर ‘डोंगरी’चे ‘डंगरी’ झाले.

कापड स्वस्त आणि टिकाऊ असल्यामुळे खलाशी व कामगार यांना ते सोयीचे वाटले. त्याच्या विजारी शिवल्या जाऊ लागल्या आणि कापडाचे नाव पोशाखाला चिकटले. विसाव्या शतकात अमेरिकेच्या नौदलातील खलाशांच्या कामाच्या पोशाखालाही डंगरीज म्हणत.

आता हा पोशाख बहुधा डेनिम या कापडाचा असतो. डेनिम हे नाव फ्रान्समधील नीम या शहरावरून आले, असे मानतात. म्हणजे कापडाला नाव फ्रान्सचे आणि पोशाखाला मुंबईचे!

आज मुले डंगरी हौसेने घालतात. एके काळी मात्र हेच कापड हलके म्हणून ओळखले जाई. ते विणणाऱ्या हातांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत; पण त्यांच्या कापडाचे नाव चारशे वर्षांनंतरही जगाच्या तोंडी आहे.