घाटाआधीची धडधड

अर्नाळ्याचे रस्ते सपाट. पहाटे सायकल काढून आगाशीमार्गे विरारकडे निघालं, तर चढ म्हणून लागतो तो रेल्वेवरचा उड्डाणपूल. जीवदानीचा डोंगर समोर दिसतो खरा, पण तो पायऱ्यांचा. तरीही सायकलचं वेड लागलेल्याला आज ना उद्या घाट खुणावतोच. आणि मग शर्यतीच्या आदल्या रात्री झोप उडते, पोटात गोळा येतो, छातीत धडधड सुरू होते. अजून पायडलवर पायही पडलेला नसतो!

मराठी माणसासाठी सायकलचा घाट म्हणजे बोरघाट. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत पुण्यात पहिला येणाऱ्याचं कौतुक होतंच, पण घाट सर्वांत आधी चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ हा वेगळा किताब मिळतो. युरोपातही हेच वेड आहे, फक्त तिथे त्याचा ऋतू वसंत. बेल्जियममधली लिएज-बास्टोन-लिएज ही टेकड्यांची शर्यत १८९२ पासूनची. त्याच भागातल्या फ्लेश वालोन शर्यतीचा शेवट ‘मूर द हुई’ नावाच्या सव्वा किलोमीटरच्या चढावर होतो. या चढाला ‘हुईची भिंत’ म्हणतात, ते उगाच नाही. लोक त्या भिंतीच्या कडेला तासन्‌तास उभे राहतात, काही मिनिटांच्या झटापटीसाठी.

प्रेक्षक चढच का निवडतात? सपाटीवर सायकलस्वाराची बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते. वेग दुप्पट झाला की हवेचा अडथळा चौपट होतो. म्हणून सगळे एकमेकांच्या आडोशाने घोळक्यात चालतात. मागच्याची बरीच मेहनत वाचते. चढावर वेग घसरतो आणि आडोशाचा फायदा जवळजवळ संपतो. उरतं ते स्वतःचं वजन आणि पायातली ताकद. घोळका फुटतो, चेहरे दिसू लागतात, कोण दमलंय ते लपत नाही. गंमत म्हणजे ७५ किलोच्या जोरकस गड्याला तिथे ५८ किलोचा किडकिडीत स्वार सहज मागे टाकू शकतो.

आता त्या धडधडीकडे येऊ. शर्यत जवळ आली की मेंदू शरीराला आधीच सावध करतो. ॲड्रेनालिन रक्तात येतं, हृदयाचे ठोके वाढतात, श्वास जलद होतो, यकृत साठवलेली साखर सोडू लागतं. आतड्यांकडचा रक्तपुरवठा आखडतो, म्हणून सुरुवातीच्या रेषेवर पोट बिघडल्यासारखं वाटतं. ही भीती नव्हे, तयारी आहे. एका रात्रीची अपुरी झोप फारसं नुकसान करत नाही. त्याआधीचा आठवडा नीट झोपलेलं असावं. धोका वेगळाच आहे. या भरात सुरुवात फार वेगाने होते आणि घाटाच्या पायथ्यालाच पाय रिकामे होतात. पहिल्या टप्प्यात धाप लागली तरी दोन-चार शब्द बोलता यायला हवेत. इतकी साधी कसोटी महागड्या घड्याळापेक्षा जास्त उपयोगी पडते.

आपल्याकडचा मोठा प्रश्न मात्र उष्णतेचा. १९८० साली लिएजची शर्यत बर्फवृष्टीत झाली. १७४ पैकी फक्त २१ जण शेवटपर्यंत पोहोचले. विजेत्या बर्नार हिनोच्या दोन बोटांवर त्या थंडीचा परिणाम कायमचा राहिला. आपला वसंत याच्या अगदी उलट, मार्चपासूनच भाजणारा.

थोडा हिशेब करू. खोपोली ते खंडाळा हा चढ साधारण पाचशे मीटरचा. स्वार आणि सायकल मिळून ८० किलो धरले, तर नुसती ही उंची गाठायला सुमारे ९५ किलोकॅलरी इतकं काम होतं. पण शरीर हे फारसं काटकसरी यंत्र नाही. त्या कामासाठी ते चारशेच्या आसपास किलोकॅलरी जाळतं, आणि उरलेल्या तीनशेची निव्वळ उष्णता होते. ती बाहेर टाकायला निदान अर्धा लिटर घाम सुकावा लागतो. ‘सुकावा’ हा शब्द महत्त्वाचा. नुसता ओघळलेला घाम अंग थंड करत नाही. किनाऱ्यावरच्या दमट हवेत तो सुकत नाही, आणि घाटात वेग ताशी दहा किलोमीटरवर आला की अंगावर येणारा वाराही थांबतो. म्हणजे शरीर सर्वांत जास्त तापतं तेव्हाच त्याचा पंखा बंद पडतो.

उन्हाची सवय होते, पण त्याला दहा ते चौदा दिवस लागतात. एसी कार्यालयातून उठून थेट रविवारी घाट गाठणाऱ्याला ही सवलत मिळत नाही. पाणी थोडं थोडं प्यावं, मात्र तासन्‌तास नुसतं साधं पाणी ढोसत राहिल्यास रक्तातलं सोडियम घसरतं, तेही घातक ठरतं. लिंबू-मीठ-साखरेचं सरबत बरं. दीड-दोन तासांहून लांबच्या फेरीत दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत. त्यासाठी परदेशी जेलची पाकिटं शोधण्याची गरज नाही. अर्नाळ्याच्या शेजारी आगाशीची सुकेळी आहेत: राजेळी केळी वाळवून केलेली, खिशात मावणारी, न चिरडणारी. सायकलस्वारासाठी याहून सोयीचा खाऊ दुसरा कुठला!

चाळिशी ओलांडलेल्यांनी, रक्तदाब किंवा मधुमेह असलेल्यांनी आणि घरात कमी वयात हृदयविकार झालेल्यांनी घाटाच्या सरावाआधी डॉक्टरांकडून तपासून घ्यावं. छातीवर दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, अचानक अंधारी ही ‘दम लागला’ची लक्षणं नव्हेत. सोबतचा स्वार असंबद्ध बोलू लागला, सायकल सरळ धरता येईना, तर तो उष्माघात असू शकतो. त्याला ‘थोडंच राहिलंय’ म्हणून पुढे ढकलू नये. सावलीत घ्यावं, कपडे सैल करावेत, अंगावर भरपूर पाणी ओतून वारा घालावा आणि १०८ ला फोन करावा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नये.

सपाटीवरच्या माणसाने सराव करायचा कुठे? अर्नाळ्यात दुपारनंतर समुद्रावरून येणारा वारा हाच अर्धा घाट. त्याच्या विरुद्ध दिशेने, जड गिअरवर, सलग दहा-पंधरा मिनिटं चालवून पाहावं. मांड्यांना चढाची चव कळते. पुढच्या पायरीला पालघर जिल्ह्यातच जव्हार आहे, सुमारे साडेचारशे मीटर उंचीवर. तिथवरचे चढ बोरघाटाइतके वाहनांनी गजबजलेले नाहीत. पहिल्यांदा जाताना पहाटे निघावं, हलका गिअर असलेली सायकल घ्यावी आणि उतरण्याआधी ब्रेक तपासावेत. चढताना भिजलेला शर्ट उतारावर गारठवतो, म्हणून एक पातळ विंडचीटर सोबत असावं.